रिकाम्या भांड्याचा हिशेब

गेल्या महिन्यात घरी मुंज होती. पंगत उठली, पानसुपारी चालली होती, आणि आत्याने सगळ्यांच्या देखत विचारलं, "अगं, तू एवढी शिकलीस, आणि तुझी आई म्हणते की तू दिवसभर दगड धुतेस. खरं का?"

मी म्हटलं, "हो आत्या, खरं आहे."

"आणि त्याचा पगार देतात?"

हशा पिकला. मीही हसले. मुंजीच्या गडबडीत, हातात मठ्ठ्याचा ग्लास धरून, ट्रेस एलिमेंट म्हणजे काय हे कुणाला समजावता येत नाही. पण प्रश्न डोक्यात राहिला. दगड धुण्याचा पगार का द्यावा? म्हणून हे लिहायला बसले. आत्या स्वतः ब्लॉग वगैरे वाचत नाही, पण तिचा नातू वाचून दाखवेल अशी आशा आहे. (वाचून दाखव रे. मधले रासायनिक भाग गाळलेस तरी चालेल, शेवट गाळू नकोस.)

तर आधी कामाबद्दल. आपल्या सह्याद्रीचा काळा दगड, म्हणजे बेसॉल्ट, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाच्या रूपाने बाहेर आला. एकावर एक असे शेकडो थर. घाटातून एसटीने जाताना डोंगराच्या अंगावर ज्या आडव्या पायऱ्या दिसतात ना, तेच हे थर. भूवैज्ञानिकांनी या थरांचे गट पाडून त्यांना आपल्याच गावांची आणि घाटांची नावं दिली आहेत: जव्हार, इगतपुरी, नेरळ, भीमाशंकर, खंडाळा, बुशे, पोलादपूर, अंबेनळी, महाबळेश्वर. परदेशी शोधनिबंधात 'अंबेनळी फॉर्मेशन' असं वाचलं की मला अजूनही आपल्या गल्लीतला माणूस टीव्हीवर दिसल्यासारखं वाटतं.

हे गट ओळखायचे कसे? डोळ्यांना सगळे काळेच. ओळख पटते ती आतल्या मूलद्रव्यांवरून, त्यातही जी नावापुरती असतात त्यांच्यावरून. बेरियम, स्ट्रॉन्शियम, थोरियम, निओबियम, टँटलम, शिसं. यांचं मोजमाप पीपीएममध्ये करतात, म्हणजे दहा लाख भागांत एक भाग. एक टन तांदळात पन्नासेक दाणे, असं समजा. अंबेनळीच्या दगडात टँटलम साधारण एवढंही नसतं.

या नावापुरत्या मूलद्रव्यांतून कळतं काय? तर लाव्हा वर येताना वाटेत कशाकशाला शिवला ते. पृथ्वीच्या पोटातून निघालेला तप्त रस वरच्या जुन्या खडकांतून वाट काढताना त्यांचा थोडा भाग वितळवून आपल्यात घेतो. बुशे गटाच्या थरांत अशी भेसळ खूप आहे. अंबेनळीचे थर त्यामानाने सगळ्यांत निर्मळ. स्ट्रॉन्शियमच्या दोन समस्थानिकांचं गुणोत्तर अंबेनळीत ०.७०४ च्या आसपास असतं, बुशेमध्ये ०.७१३ च्या वर जातं. फरक दिसायला किरकोळ, पण या शास्त्रात तो डोंगराएवढा आहे.

आता गंमत बघा. ६.६ कोटी वर्षांपूर्वी दगडात झालेली भेसळ शोधायची, तर आज माझ्या हातून होणारी भेसळ आधी थांबवायला हवी. माझं काम एवढंच. दगड धुणे हे त्याचं घरगुती नाव.

घाटातून आणलेला दगड आधी करवतीने कापायचा आणि बाहेरची कुजलेली, पिवळट साल काढून टाकायची. हातोडीच्या लोखंडाचे डाग, करवतीचे ओरखडे पॉलिश पेपरने घासून काढायचे. मग शुद्ध पाण्यात अल्ट्रासॉनिक यंत्रात धुवायचा, सुकवायचा, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून फोडायचा. आपल्या दगडात बुडबुड्यांची भोकं असतात आणि त्यांत नंतर पांढरे झिओलाइटचे स्फटिक भरलेले असतात. ते नकोत. म्हणून बारीक तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली चिमट्याने निवडायचे. चिमटाही प्लॅस्टिकचा. तांदूळ निवडायची सवय या कामात फार उपयोगी पडते, हे मी गमतीने म्हणत नाहीये. शेवटी निवडलेले तुकडे दळून मैद्यासारखं पीठ करायचं.

इथून पुढे स्वच्छ प्रयोगशाळा. बाहेर चप्पल काढा, आतली घाला. अंगठी, बांगड्या, मंगळसूत्र, घड्याळ सगळं कप्प्यात. पावडर नाही, क्रीम नाही, कारण त्यांत बहुधा झिंक ऑक्साइड असतं आणि मग जस्ताचे आकडे भलतेच येतात. कुंकू पुसायचं, कारण बाजारातल्या काही कुंकवा-शेंदरात शिशाचं संयुग असतं. अंगभर झगा, डोक्याला टोपी, हातमोजे. आत हवा गाळून येते आणि दाब बाहेरच्यापेक्षा किंचित जास्त असतो, म्हणजे दार उघडलं की आतली हवा बाहेर जाते, बाहेरची धूळ आत येत नाही. ज्या कपाटाखाली प्रत्यक्ष काम चालतं तिथे एका घनफुटात अर्ध्या मायक्रॉनचे आणि त्याहून मोठे कण शंभराच्या वर चालत नाहीत. आपल्या बसायच्या खोलीत ते लाखांनी असतात. आत लोखंडाचा साधा स्क्रूदेखील नको.

भांडी टेफ्लॉनच्या जातीची, कारण काच चालत नाही. दगड विरघळवायला हायड्रोफ्लोरिक आम्ल लागतं आणि ते काचच खातं. (माणसालाही सोडत नाही. सौम्य असेल तर लागल्याचं लगेच कळतही नाही, आत हाडापर्यंत जातं. कॅल्शियम ग्लुकोनेटचं मलम हाताशी ठेवल्याशिवाय आम्ही बाटलीचं झाकण उघडत नाही.) ही भांडी आधी गरम नायट्रिक आम्लात, मग हायड्रोक्लोरिकमध्ये, मग शुद्ध पाण्यात, अशी काही दिवस मुरत ठेवायची. आम्लंसुद्धा बाटलीतून थेट वापरायची नाहीत. उकळू न देता मंद आचेवर त्यांची वाफ करायची आणि ती थेंबथेंब गोळा करायची.

मग ५० मिलिग्रॅम पीठ तोलायचं. चिमूटभरसुद्धा नाही. आम्लं घालून, झाकण घट्ट लावून दोन दिवस गरम पाटावर. मग आटवायचं, पुन्हा नायट्रिक, पुन्हा आटवायचं, असं करत शेवटी नितळ द्रावण झालं की ते शंभर ग्रॅमपर्यंत पातळ करायचं. म्हणजे मूळ दगडाच्या दोन हजार पट पातळ. हे पाणी मग आयसीपी-एमएस नावाच्या यंत्रात जातं आणि दोनेक मिनिटांत चाळीस मूलद्रव्यांचे आकडे येतात. यंत्राची दोन मिनिटं, त्याआधीचे माझे दोन-तीन आठवडे. शोधनिबंधात यंत्राचं नाव, कंपनी, मॉडेल सगळं येतं.

आईला हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे तुमचं सोवळंच की!" आमची आजी कडक सोवळ्याची. तिच्या स्वयंपाकघरात आम्हा पोरांना उंबऱ्याबाहेर उभं राहावं लागे, पाणीसुद्धा वरून वाढलेलं. त्यामुळे आईचं म्हणणं मला पटलं. बरीच वर्षं मीही लोकांना गमतीने तसंच सांगायचे: आजी देवाचं सोवळं पाळायची, मी दगडाचं पाळते.

पण एक फरक आहे, आणि तो लक्षात यायला मला फार वेळ लागला. सोवळ्यात आपण शुद्ध आहोत हे गृहीत असतं, विटाळ दुसऱ्याकडून येतो. स्वच्छ प्रयोगशाळेत याच्या अगदी उलट. इथे विटाळ माझाच आहे हे गृहीत असतं. प्रश्न फक्त किती, एवढाच. आणि तो 'किती' मोजायची एक पद्धत आहे, तिला आम्ही ब्लँक म्हणतो. म्हणजे एक रिकामं भांडं घ्यायचं. त्यात दगड घालायचाच नाही. बाकी सगळं तसंच करायचं: तीच आम्लं, तोच पाट, तेच दिवस, तेच हात. शेवटी त्या 'काहीच नाही'चं द्रावण यंत्रात घालायचं. त्यात जे सापडेल ते दगडाचं नाही. ते माझं, माझ्या आम्लांचं, माझ्या हवेचं.

या रिकाम्या भांड्याने केवढं काम केलंय त्याची एक गोष्ट सांगते. क्लेअर पॅटरसन नावाचा अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ शिकागोत शिसं मोजत होता. हेतू असा की उल्केतल्या शिशाच्या समस्थानिकांवरून पृथ्वीचं वय काढायचं. पण त्याच्या नमुन्यांत जेवढं असायला हवं त्याच्या कितीतरी पट जास्त शिसं येई. कुणी म्हटलं असतं की दगडच तसा असेल. त्याने मात्र आपल्या खोलीवर संशय घेतला. धूळ, पाणी, आम्लं, काच, कपडे, एकेक तपासत गेला. पुढे कॅलटेकला गेल्यावर त्याने शिशापासून मुक्त अशी प्रयोगशाळाच उभारली. १९५६ साली त्याने पृथ्वीचं वय ४५५ कोटी वर्षं असल्याचं छापलं, सात कोटी इकडे-तिकडे. तो आकडा आजही जवळजवळ तोच आहे.

आणि गोष्ट तिथे संपली नाही. आपल्या खोलीत एवढं शिसं आलं कुठून, हा प्रश्न त्याने सोडला नाही. उत्तर निघालं रस्त्यावर. पेट्रोलमध्ये शिसं घालत होते आणि ते हवेतून सगळीकडे पसरलं होतं. १९६५ मध्ये त्याने हे स्पष्ट लिहिलं आणि मग अनेक वर्षं उद्योगांचा रोष पत्करला. १९८० सालचा त्याचा एक निबंध ट्यूना माशावर आहे. ताज्या माशाच्या ग्रॅमभर मांसात त्याला ०.३ नॅनोग्रॅम शिसं मिळालं. सरकारी प्रयोगशाळेचा आकडा होता ४००. हजार पटीहून जास्त! ताज्या माशाचाच आकडा इतका फुगलेला असल्यामुळे डब्यातल्या माशात शिसं फार वाढत नाही असं वाटत होतं. प्रत्यक्षात ते डाखाच्या डब्यात हजारो पटींनी वाढत होतं. मोजणारे काही लबाड नव्हते. त्यांनी आपलं रिकामं भांडं नीट मोजलं नव्हतं, एवढंच.

पॅटरसन १९९५ च्या डिसेंबरात गेला. अमेरिकेत रस्त्यावरच्या गाड्यांसाठी शिशाचं पेट्रोल पूर्ण बंद झालं १९९६ च्या जानेवारीत. आपल्याकडे २००० च्या फेब्रुवारीत, आणि जगात सर्वांत शेवटी अल्जीरियात, २०२१ मध्ये. ही माहिती मी प्रयोगशाळेत येणाऱ्या प्रत्येक नव्या पोराला पहिल्या दिवशी सांगते. सांगताना आवाज जरा चढतोच. त्यामुळे पुढचा भाग लिहायला जड जातंय. पण तो लिहिला नाही तर या सगळ्या लेखाला अर्थ नाही.

तर झालं असं. आमच्याकडे साताऱ्याकडचा एक विद्यार्थी आहे. हुशार, कमी बोलणारा. अंबेनळी घाटातून त्याने सतरा नमुने आणले. एसटीत कंडक्टरने पोत्यांकडे बघून "काय आहे यात?" विचारलं, तर याने प्रामाणिकपणे "दगड" सांगितलं, आणि त्यावर कंडक्टरने चेष्टा समजून त्याला झापलं. असो.

दळायची वेळ आली तेव्हा आमचं अकीकाचं भांडं तडकलेलं होतं. अकीक म्हणजे अगेट. आपल्या दख्खनच्या दगडातही सापडतो. कठीण असतो आणि दळताना सिलिकाशिवाय फारसं काही सोडत नाही. नवीन भांडं यायला चार महिने लागणार होते. शेजारच्या विभागात टंगस्टन कार्बाइडची दळणी होती. दोन मिनिटांत पीठ. पोरगा मला विचारायला आला, "मॅडम, तिकडे दळून घेऊ का?"

मी काहीतरी तोलत होते. मान वर न करता म्हटलं, "चालेल, घे."

मला माहीत नव्हतं असं अजिबात नाही. पहिल्या वर्षाच्या पोरालाही पाठ असतं: पोलादाच्या भांड्यातून लोखंड आणि क्रोमियम येतं, अ‍ॅल्युमिनाच्यातून अ‍ॅल्युमिनियम, टंगस्टन कार्बाइडमधून टंगस्टन, कोबाल्ट आणि टँटलम. काहीही सोडत नाही असं भांडं जगात नाही. भांडं निवडायचं ते आपल्याला काय मोजायचं नाही हे बघून. आणि त्याला मोजायचं होतं टँटलम. मी विचारलंच नाही. सतरा बाटल्यांवर नमुना क्रमांक आले, तारीख आली. कशात दळलं ते कुणी लिहिलं नाही. तो रकानाच आमच्या चिठ्ठीवर नव्हता.

पुढचं सगळं शिस्तीत झालं. भांडी उकळली, आम्लं गाळली, ब्लँक घेतले. ब्लँक सुंदर आले. अगदी मिरवावेत असे. आणि आकडे बाहेर आले तेव्हा खळबळ! बेसॉल्टमध्ये निओबियम आणि टँटलमचं गुणोत्तर साधारण पंधरा-सोळा असतं, वरच्या भूकवचात बाराच्या आसपास. आमच्या काही नमुन्यांत ते दहा-अकरावर उतरलं. म्हणजे निर्मळ समजल्या जाणाऱ्या अंबेनळीतही भूकवचाची भेसळ? पोरगा हरखला. सरही खूश. एका परिषदेसाठी सारांश पाठवला, तो स्वीकारलाही गेला.

शंका त्यालाच आली. एका दुपारी चहाच्या वेळी म्हणाला, "मॅडम, बेरियम म्हणतंय भेसळ नाही. थोरियम म्हणतंय नाही. शिसंपण नाही म्हणतंय. मग एकटं टँटलमच का ओरडतंय?"

मला त्या क्षणी कळलं. पोटात खड्डा पडला म्हणतात तो कसा असतो ते समजलं. मी त्याला "बघते" एवढंच म्हटलं. संध्याकाळी सगळे गेल्यावर आकडे उघडून कोबाल्ट बघितलं. पंचेचाळीस-पन्नास असायला हवं होतं, कुठे सत्तर, कुठे नव्वद. तरी खात्री करायची म्हणून दुसऱ्या दिवशी शुद्ध क्वार्ट्झचे तुकडे त्या दळणीत दळून आणले आणि नमुन्यासारखेच विरघळवले. दगडात एक पीपीएमसुद्धा नसणारं टंगस्टन त्या पांढऱ्या पिठात शेकड्यांनी निघालं. टँटलमही होतंच.

आमचे ब्लँक खोटे नव्हते. ते अर्धेच होते. रिकाम्या भांड्याचा हिशेब मी तोलकाट्यापासून सुरू केला होता, आणि भेसळ त्याच्या आधीच दाराबाहेर होऊन बसली होती. झगा, टोपी, गाळलेली हवा, यांनी दळणीतून आलेला कण कसा निघणार? हे आमच्याच बाबतीत घडलं असंही नाही. हवाईच्या बेसॉल्टचं प्रमाण म्हणून जे पीठ जगभरच्या प्रयोगशाळा वापरतात, त्यातही दळण्याच्या वेळी बाहेरचं शिसं शिरलेलं आढळलं आहे.

आणि आता खरं सांगते. त्या रात्री माझ्या मनात पहिला विचार आला तो असा: तक्त्यातून टँटलम आणि कोबाल्ट हे दोन रकाने काढून टाकावेत. बाकीचे आकडे बरोबरच होते. सारांश 'काही कारणास्तव' मागे घेता आला असता. कुणी विचारलं नसतं. दळणीला "चालेल" कोण म्हणालं हेही कुठे लिहिलेलं नव्हतं. पोरगा मला दोष देणाऱ्यांतला नाही. मी तक्ता उघडून, तो रकाना निवडून, बराच वेळ बसले होते. पॅटरसनची गोष्ट दर वर्षी सांगणारी मी!

मग तो रकाना तसाच ठेवला आणि सरांना मेल लिहिली. काय झालं, कोणी परवानगी दिली, क्वार्ट्झचे आकडे काय आले, सगळं. सरांचं म्हणणं व्यवहाराचं होतं, की टँटलम सोडून द्या आणि पुढे चला. ते चूकही नव्हतं. ज्याला टंगस्टन, कोबाल्ट, टँटलमशी कर्तव्य नाही त्याने ती दळणी खुशाल वापरावी. पण पोराच्या प्रबंधाचा कणाच तो होता. सारांश कारण लिहून मागे घेतला. सतरापैकी अकरा नमुन्यांचे निवडलेले तुकडे शिल्लक होते. नवीन अकीकाचं भांडं आल्यावर ते पुन्हा दळले. सहांचं काहीच उरलं नव्हतं. पावसाळा संपल्यावर पोरगा परत घाटात गेला. चार जागा नक्की सापडल्या. दोन ठिकाणी तोच थर आहे याची खात्री देता येईना, म्हणून ते नमुने सोडून दिले. गुणोत्तर पंधराच्या वर परत आलं. अंबेनळी निर्मळ ती निर्मळच! त्याचं जवळजवळ एक वर्ष गेलं आणि हाती लागलं ते आधीच सगळ्यांना माहीत असलेलं. शिष्यवृत्तीचे उरलेले महिने तो मोजतोय, हे मला रोज दिसतं. याची भरपाई माझ्याकडे नाही.

आता माझं मत, ज्यासाठी हे सगळं सांगितलं.

आपल्याकडे, आणि बाहेरही, शोधनिबंधात नमुन्याच्या तयारीवर एक ओळ असते: 'नमुने नेहमीच्या पद्धतीने दळून विरघळवले.' ही ओळ छापू नये असं माझं म्हणणं आहे. कशात दळले ते लिहा. ब्लँक विरघळवण्यापासून न घेता करवतीपासून घ्या. दर खेपेला एक शुद्ध क्वार्ट्झ नमुन्यांच्या रांगेत उभं करा आणि त्याचे आकडेही तक्त्यात छापा. खर्च एका नमुन्याचा आहे. आमच्याकडे आता चिठ्ठीवर 'कशात दळलं' आणि 'कोणी दळलं' असे दोन रकाने आहेत. दुसरा रकाना शिक्षेसाठी नाही. ज्याचं नाव लिहिलं जातं तो मान वर करून उत्तर देतो, हा माझा स्वतःचा अनुभव आहे. आणि ज्याच्या हातांवर सगळा निष्कर्ष उभा आहे त्याचं नाव यंत्राच्या मॉडेल नंबरइतकं तरी महत्त्वाचं मानावं.

कुणी म्हणेल, एवढं कोण करतं, वेळ कुठे आहे. त्यांना मी आमच्या कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीत घेऊन जाईन. ज्वारीवर गहू दळायचा असेल तर गिरणीवाले काका आधी मूठभर गहू टाकून ते पीठ बाजूला काढतात. उपासाच्या राजगिऱ्याचं दळण वेगळ्या वेळी. मिरची तर वेगळ्याच चक्कीवर. विचारावं लागत नाही, त्यांच्या गिऱ्हाइकाला घरी गेल्यावर चव कळते आणि तो परत येऊन भांडतो. आमच्या गिऱ्हाइकाला चव कळत नाही. म्हणून आम्ही जास्त सांभाळायला हवं.

हे फक्त आम्हा दगडवाल्यांचं नाही. उद्या पेपरात बातमी येईल की अमुक मसाल्यात शिसं सापडलं, किंवा तमुक पाण्यात ते मुळीच नाही. दोन्ही वेळा एकच प्रश्न विचारायचा: रिकाम्या भांड्यात किती निघालं? तो आकडा दिला नसेल तर बातमीवर लगेच घाबरू नका आणि लगेच निर्धास्तही होऊ नका.

तर आत्या, पगार कशाचा देतात ते हे असं. दगड धुणं मशीनही करेल. आपल्या हाताने त्यात काय मिसळलं ते मोजायचं, आणि आकडा वाईट आला तरी तो खोडायचा नाही, त्यासाठी माणूस ठेवावा लागतो. मी त्या रात्री ते काम जेमतेम केलं. पूर्ण पगार घेण्याइतकं केलं का, ते तूच ठरव.

परवा तो पोरगा नवीन नमुने घेऊन आला. दार उघडायच्या आधीच बाहेरून ओरडून म्हणाला, "मॅडम, अकीकात दळू ना?"

मी तोलकाटा बंद केला, उठून दारापर्यंत गेले आणि मग म्हटलं, "हो. आणि आधी क्वार्ट्झ."